प्रतिकृती रेल्वेचा मार्ग-आराखडा

प्रत्यक्ष रेल्वेची लहान प्रमाणातील चालती प्रतिकृती उभारण्यापूर्वी तिचे रूळ, सांधे, स्थानके, बाजूचे मार्ग (सायडिंग), चढ-उतार आणि वळणे यांची जी आखणी कागदावर केली जाते, तिला प्रतिकृती रेल्वेचा मार्ग-आराखडा म्हणतात. उपलब्ध जागा, निवडलेले प्रमाण आणि गाड्यांकडून अपेक्षित असलेले काम या तीन गोष्टींचा मेळ आराखड्यात घातलेला असतो. यांपैकी पहिल्या दोहोंचा विचार नवशिके आपोआप करतात. तिसरीचा विचार बहुधा राहून जातो. त्यामुळे फळी रुळांनी भरून जाते, परंतु गाडीला गोलगोल फिरण्यापलीकडे काम उरत नाही. गाडी कोठून येते, काय आणते, कोठे थांबते आणि परत कशी जाते, या प्रश्नांची उत्तरे आधी ठरवून मग रूळ आखणे हे या विषयातील मुख्य तत्त्व होय.

इतिहास : खेळण्यातील रेल्वेगाड्या एकोणिसाव्या शतकात प्रचारात आल्या, परंतु त्यांचे रूळ सुटे व परस्परांशी न जुळणारे असत. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत ठरावीक मापांचे, हवे तसे जोडता येणारे रूळ व त्यांवर इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचा मार्ग मांडून दाखविला. रूळ जोडता येऊ लागल्याने ते कसे जोडावयाचे हा प्रश्न निर्माण झाला आणि आराखड्याच्या विचाराला प्रारंभ झाला. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संस्थेने रुळांची व चाकांची मापे प्रमाणित केली. आराखडा हे स्वतंत्र शास्त्र मानून त्याची पद्धतशीर मांडणी करण्याचे श्रेय अमेरिकन लेखक जॉन आर्मस्ट्राँग यांना दिले जाते. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातील लहान जागेत बसतील असे आराखडे ब्रिटनमध्ये सी. जे. फ्रीझर यांनी लोकप्रिय केले. भारतात हा छंद मोजक्या लोकांपुरताच राहिला. तथापि पुण्यातील कोथरूड येथे भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले व १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले प्रतिकृती रेल्वेचे संग्रहालय महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण होय. तेथे लहानशा नगराच्या देखाव्यातून निरनिराळ्या प्रकारच्या गाड्या चालविल्या जातात.

प्रमाण व रूळमाप : प्रत्यक्ष वस्तूच्या मानाने प्रतिकृती किती पटींनी लहान आहे हे प्रमाणावरून समजते, रूळमाप म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर होय. या दोन कल्पनांची गल्लत होऊ देता कामा नये. सर्वांत प्रचलित असलेल्या एचओ प्रमाणात प्रतिकृती १ : ८७ इतकी व रूळमाप १६·५ मिमी. असते. ब्रिटनमधील ओओ प्रमाणात (१ : ७६) रूळमाप तेवढेच असते, पण डबे मोठे असतात. एन प्रमाणात (१ : १६०) रूळमाप ९ मिमी. असते.

हे रूळमाप अमेरिका व यूरोप यांतील १,४३५ मिमी. मापाच्या मार्गांवरून ठरले आहे. भारतीय रुंदमापी मार्ग १,६७६ मिमी.चा असल्याने १ : ८७ या प्रमाणात त्याचे अंतर सु. १९·३ मिमी. भरते. तयार मिळणारे १६·५ मिमी.चे रूळ वापरल्यास भारतीय गाडी आपल्या मार्गावर किंचित अधांतरी वाटते. बहुतेक छंदिक ही तडजोड पत्करतात. १,००० मिमी.च्या मीटरमापी मार्गासाठी सु. ११·५ मिमी. अंतर हवे; त्यासाठी १२ मिमी.चे रूळ चालतात. ७६२ मिमी.च्या अरुंदमापी मार्गाचे अंतर या प्रमाणात ८·८ मिमी. होते आणि एन प्रमाणाचे ९ मिमी.चे रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत लागू पडतात. त्यामुळे विदर्भातील अरुंदमापी मार्गांची प्रतिकृती मापाच्या दृष्टीने रुंदमापी मार्गांपेक्षा अधिक अचूक करता येते.

अंतराचा संक्षेप : प्रमाण कितीही लहान घेतले, तरी रेल्वेची लांबी खोलीत मावत नाही. १ : ८७ या प्रमाणात १ किमी. मार्गाला ११·५ मी. जागा लागते. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सु. ११३ किमी.चा मार्ग जसाच्या तसा करावयाचा झाल्यास त्याची प्रतिकृती सु. १·३ किमी. लांब होईल. चोवीस डब्यांची आजची प्रवासी गाडी एकटीच सहा मीटरांहून अधिक लांब भरते. म्हणून प्रत्येक आराखडा हा संक्षेप असतो. सर्वच गोष्टी सारख्या प्रमाणात आखडणे हा संक्षेपाचा चुकीचा मार्ग होय. त्याने काहीच ओळखू येत नाही. त्याऐवजी मार्गाचे स्वरूप ज्यांवरून ठरते असे दोन-तीन भाग निवडून ते पुरेशा मोकळेपणाने दाखवितात व मधला भाग वगळतात. वगळलेल्या भागाच्या जागी पडद्याआडचे यार्ड योजतात. तेथे गाडी काही वेळ दिसेनाशी होते व दूरचा प्रवास करून आल्यासारखी पुन्हा बाहेर येते. प्रेक्षकाच्या दृष्टीने ते यार्ड म्हणजेच उरलेले सर्व जग असते.

वळणे : जागेचा सर्वांत मोठा वाटा वळणे घेतात. भारतीय रुंदमापी मार्गावर अनुज्ञेय असलेल्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मी. असते, १ : ८७ प्रमाणात ती २ मी. होते. घरातील खोलीत एवढे वळण बसत नाही. व्यवहारात सर्वांत लांब डब्याच्या लांबीवरून त्रिज्या ठरवितात. डब्याच्या अडीच पट त्रिज्येवर गाडी कशीबशी चालते, तिपटीवर विश्वासाने चालते आणि चौपट किंवा अधिक त्रिज्येवर ती नजरेला खटकत नाही. सध्याचा प्रवासी डबा या प्रमाणात सु. २५ सेंमी. असल्याने तिप्पट त्रिज्या ७५ सेंमी. होते व गाडी पूर्ण उलट फिरविण्यास दीड मीटरहून अधिक रुंदी लागते. अरुंदमापी मार्गावरील ८ सेंमी.च्या मालडब्यास मात्र २४ सेंमी. त्रिज्या पुरते, एंजिन १२ सेंमी. असल्यास ३६ सेंमी. घ्यावी लागते.

सरळ मार्गावरून एकदम वळणावर गेल्यास डबे झटक्याने वळतात. म्हणून दोहोंच्या मध्ये हळूहळू वाढत जाणाऱ्या वक्रतेचा संक्रमण भाग ठेवतात. एका बाजूचे वळण संपताच दुसऱ्या बाजूचे सुरू झाल्यास लागोपाठचे डबे विरुद्ध दिशांना फिरून रुळांवरून घसरण्याची भीती असते. त्यांच्यामध्ये निदान सर्वांत लांब डब्याएवढा सरळ भाग आवश्यक असतो. कोणत्या खोलीत किती वळणे मावतील याचा अंदाज घेण्यासाठी आर्मस्ट्राँग यांनी चौकोन-पद्धती सुचविली. लघुतम त्रिज्या अधिक शेजारच्या दोन मार्गांमधील अंतराची दुप्पट, एवढी बाजू असलेल्या चौकोनांत खोलीचा नकाशा विभागतात. त्रिज्या ६० सेंमी. व मार्गांमधील अंतर ५ सेंमी. असल्यास चौकोनाची बाजू ७० सेंमी. होते, ३ मी. × ३·५ मी. खोलीत असे सु. चार बाय पाच चौकोन बसतात. हे एकदा दिसले, म्हणजे न मावणारी स्वप्ने कागदावरच सोडून देता येतात.

चढ : एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यास १ : ८७ प्रमाणात सु. ८ सेंमी. उंची लागते. ४० मध्ये १ या चढाने ती गाठण्यास ३·२ मी. लांबी खर्च होते. प्रत्यक्ष रेल्वेशी तुलना केल्यास या अडचणीचे स्वरूप कळते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील मार्गाचा कमाल चढ ३७ मध्ये १ होता. तेवढ्या चढाने ८ सेंमी. उंची गाठण्यास सु. ३ मी. लागतात. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान या ६१० मिमी. मार्गावरील चढ २० मध्ये १ इतका आहे आणि त्याने हीच उंची १·६ मीटरांत गाठता येते. मात्र एंजिनाला ओढता येणाऱ्या डब्यांची संख्या घटते. बोरघाटात मार्ग वळविण्यास जागा नसल्याने एक उलटस्थानक बांधले होते. तेथे गाडी सरळ टोकाशी जाऊन थांबे, एंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई व गाडी विरुद्ध दिशेने पुढचा चढ चढे. हे स्थानक १९२९ मध्ये वापरातून गेले. अरुंद फळीवर उंची गाठण्यासाठी ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण तिला वळणाची रुंदी लागत नाही व प्रत्येक गाडीला थांबून करावयाचे काम मिळते.

आकृतिबंध : मार्गांचे काही मूळ आकार आहेत व बहुतेक आराखडे त्यांच्या मिश्रणातून होतात. (१) वर्तुळाकार किंवा लंबवर्तुळाकार मार्गावर गाडी अखंड धावते. प्रदर्शनास तो सोयीचा असतो. (२) टोक-ते-टोक मार्गावर गाडी एका स्थानकाहून निघून दुसऱ्यास पोहोचते. खऱ्या रेल्वेशी त्याचे साम्य अधिक असते. (३) जाऊन-परतणाऱ्या मार्गात एका टोकाला स्थानक व दुसऱ्या टोकाला गाडी फिरविणारा वळसा असतो. (४) डमरूच्या आकारात दोन्ही टोकांना वळसे असतात. वळशामुळे गाडी उलट दिशेने त्याच मार्गावर येते. रुळांतूनच वीज पुरविली जात असल्यास डावा रूळ फिरून उजव्याला मिळतो व मंडल संक्षिप्त होते. म्हणून वळशाचा भाग दोन्ही टोकांस निरोधक जोड देऊन अलग ठेवतात व गाडी त्यात असताना ध्रुव बदलतात. त्रिकोणी जोडमार्गासही हीच काळजी घ्यावी लागते. आराखडा करतानाच अशा जागा खुणेने दाखविल्या नाहीत, तर त्या रूळ बसविल्यावर सापडतात.

सांधे व शंटिंग : गाडीचे काम सांध्यांवर अवलंबून असते. बाजूचा मार्ग गाडीच्या दिशेने पुढे फुटत असेल, तर त्यावर डबा ठेवण्यासाठी एंजिन डब्याच्या मागे असावे लागते. तो मागच्या बाजूस फुटत असेल, तर गाडी सांध्याच्या पुढे जाऊन डबा मागे ढकलते. पहिल्या प्रकारासाठी एंजिनाला डब्यांना वळसा घालून दुसऱ्या टोकास जावे लागते व त्याकरिता लूप मार्ग लागतो. लूपची उपयुक्त लांबी दोन सांध्यांमधील सर्व अंतराएवढी नसते. शेजारच्या मार्गावरील गाडीला धक्का न लागता जेवढे डबे उभे राहू शकतात तेवढीच ती असते. कागदावर पुरेसा दिसणारा लूप प्रत्यक्षात अपुरा पडण्याचे कारण बहुधा हेच असते.

ब्रिटिश छंदिक ॲलन राइट यांच्या इंगलनुक सायडिंग्ज या मांडणीत केवळ दोन सांधे व तीन मार्ग असून त्यांवर अनुक्रमे पाच, तीन व तीन डबे राहतात. एकूण आठ डब्यांपैकी सांगितलेले पाच सांगितलेल्या क्रमाने जुळवावयाचे असतात. असे क्रम ६,७२० होतात. कामाची विविधता रुळांच्या लांबीवर अवलंबून नसते, हे यावरून स्पष्ट होते. मात्र डब्यांची गर्दी केल्यास कोणतेच काम होत नाही. उपलब्ध जागेपैकी निदान एक-तृतीयांश जागा रिकामी ठेवणे इष्ट असते.

नमुना आराखडा : यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे तालुक्याचे ठिकाण कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंदमापी मार्ग तेथपर्यंत कधीच गेला नव्हता. तो गेला असता तर तेथील अंतिम स्थानक कसे असते, अशी कल्पना करून पुढील आराखडा देता येतो. प्रमाण १ : ८७, रूळ ९ मिमी.; जागा भिंतीलगतची २४० सेंमी. लांब व ४० सेंमी. रुंद फळी.

प्रथम काम ठरवावयाचे. येणारी मिश्र गाडी रिकामे मालडबे, किराणा माल व प्रवासी आणते. जाणारी गाडी जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातून कापसाच्या गाठी नेते. गाडीत एंजिन (१२ सेंमी.), चार डबे (प्रत्येकी ८ सेंमी.) व गार्डाचा डबा (१० सेंमी.) धरल्यास एकूण लांबी ५४ सेंमी. होते. एंजिन वगळता उरलेले ४२ सेंमी. लूपमध्ये उभे राहिले पाहिजेत. थोडी सूट धरून ५० सेंमी. घ्यावेत. दोन्ही टोकांच्या सांध्यांसाठी प्रत्येकी १८ सेंमी. व लूपपलीकडे एंजिनाला सुटे होण्यासाठी १६ सेंमी. मिळविल्यास स्थानकाची लांबी १०२ सेंमी. भरते. पडद्याआडच्या यार्डास ७० सेंमी. दिल्यावर ६८ सेंमी. उरतात, त्यांत शेते, नाल्यावरील पूल व गाडीवाट दाखवावी. हाच भाग शंटिंगच्या वेळी एंजिन व तीन डबे (३६ सेंमी.) पुढे-मागे नेण्यास उपयोगी पडतो.

मालधक्क्याचा मार्ग मागच्या बाजूस व जिनिंग कारखान्याचा मार्ग पुढच्या बाजूस फुटेल असे सांधे ठेवावेत. दोहोंची लांबी तीन-तीन डब्यांची. त्यामुळे मालधक्क्यावर डबा आल्या गाडीने ठेवता येतो, पण कारखान्याचे डबे ठेवण्यास एंजिन फिरवावेच लागते. यात मोजके सांधे आहेत आणि गोल फिरणारा एकही रूळ नाही. तरी एक गाडी येऊन, डबे बदलून परत जाण्यास बराच वेळ लागतो. याच फळीवर लंबवर्तुळ बसविण्याचा प्रयत्न केल्यास ४० सेंमी. रुंदीत २० सेंमी.हून कमी त्रिज्येची वळणे घ्यावी लागतील, स्थानकाला जागा उरणार नाही आणि एंजिन वळणावर अडेल.

आराखड्याचे रेखन : आरंभी खोलीचे माप घेऊन दारे, खिडक्या व चालण्याची वाट यांच्या खुणा करतात. १ : १० प्रमाणात आलेखकागदावर रेखाटन केल्यास १ सेंमी.मध्ये १० सेंमी. दिसतात. हाताने काढलेले सांधे नेहमी खऱ्यापेक्षा आखूड निघतात; त्यासाठी खऱ्या सांध्यांच्या मापाचे कागदी नमुने कापून ते आराखड्यावर मांडावेत. शेवटी पूर्ण आकाराचे कागद फळीवर अंथरून डबे ठेवून पाहणे हा सर्वांत विश्वासार्ह पडताळा होय. गाडी घसरल्यास हात पोहोचला पाहिजे, म्हणून एका बाजूने जाता येणाऱ्या फळीची रुंदी ६० ते ७५ सेंमी.पेक्षा अधिक ठेवत नाहीत आणि बोगद्याला मागून उघडण्याची सोय ठेवतात. हे काम आता संगणकावरही करता येते. तथापि संगणक मापे अचूक देतो, गाडीचे काम ठरवून देत नाही.

विदर्भासारख्या प्रदेशात हवामानाचाही विचार आराखड्यात करावा लागतो. हिवाळ्यातील पहाट व उन्हाळ्यातील दुपार यांच्या तापमानांत ३० से. फरक धरल्यास ५ मी. लांबीचा निकेल-रौप्य रूळ सु. २·५ मिमी.ने वाढतो. जोडांमध्ये मोकळी जागा न ठेवल्यास रूळ बाजूस फुगतात. पावसाळ्यात लाकूड दमटपणाने फुगते ते वेगळेच. म्हणून फळीचे सर्व पृष्ठभाग रंगवून बंद करणे हितावह असते.

नोंदीचे मूल्य : मार्ग-आराखड्याचे महत्त्व छंदापुरते मर्यादित नाही. वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेला व लोकांत ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जाणारा मूर्तिजापूर-यवतमाळ मार्ग हे याचे उदाहरण होय. त्यावर वाफेची एंजिने १९९४ पर्यंत चालली. त्यानंतर डीझेल एंजिन आले आणि पुढे सेवाच बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंदमापी मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ मध्ये उघडलेल्या अरुंदमापी रेल्वे संग्रहालयामुळे अशा मार्गांवरील एंजिने व उपकरणे जतन होतात. परंतु लूप किती डब्यांचा होता, मालधक्क्याचा सांधा कोणत्या बाजूस होता, मूर्तिजापूर येथे अरुंदमापी डब्यांतील माल रुंदमापी डब्यांत चढविण्यासाठी दोन्ही मार्ग कसे शेजारी आणले होते, या गोष्टी एंजिन पाहून समजत नाहीत. रूळ उचलले गेले की जमिनीवरील खुणाही थोड्याच काळात नाहीशा होतात. स्थानकाचा आराखडा मापांसह काढून ठेवला, तर त्यावरून प्रतिकृती केव्हाही उभारता येते आणि तीवर गाडी चालवून पाहिल्यास ते स्थानक प्रत्यक्षात कसे चालत होते हे समजते. यासाठी लागणारी साधने म्हणजे मोजफीत, आलेखकागद आणि तेथे काम केलेल्या सांधेवाल्यांच्या व गार्डांच्या आठवणी होत. यांपैकी पहिली दोन केव्हाही मिळू शकतात. आठवणी मात्र वेळीच टिपून ठेवाव्या लागतात.